प्रतिकृती, पुरावा आणि आपल्या मुलांचे हात

गेल्या शैक्षणिक वर्षात आपल्या विद्यालयातील आठवी-नववीच्या अकरा विद्यार्थ्यांनी एका काल्पनिक अंतराळयानाची प्रतिकृती घडवली. वार्षिक प्रदर्शनात ती मांडली तेव्हा पाहणाऱ्यांची रांग लागली होती. मात्र त्याच दिवशी काही पालकांनी मला बाजूला घेऊन आपली नापसंतीही स्पष्ट शब्दांत सांगितली. एक पालक म्हणाले, "सर, आमच्या पिढ्यान्‌पिढ्या हातांनी राबण्यात गेल्या. कोणी दोर वळला, कोणी चामडे कमावले, कोणी झाडू धरला. पोराला इथे ठेवले ते त्याच्या हातातले काम सुटावे म्हणून. आणि तुम्ही त्याच्या हाती पुन्हा कानस नि पॉलिश पेपर देता?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९३७ साली वर्धा येथे हस्तोद्योगाधारित शिक्षणाची योजना मांडली गेली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या समाजात कोणत्या ना कोणत्या रूपाने विचारला जात आहे. ज्या घरात हातकाम ही हौस होती त्या घरातील मुलाच्या हाती टकळी देणे वेगळे, आणि ज्या घरावर जन्माने हातकाम लादले गेले त्या घरातील मुलाला उद्योगातून शिक्षण घे म्हणणे वेगळे. त्या पालकांना हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. तरीसुद्धा प्रतिकृती घडविण्याचे काम आपल्या विद्यालयात चालू राहावे, किंबहुना वाढावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याची कारणे 'हाताला वळण लागते', 'चिकाटी येते' असल्या ठरीव वाक्यांत सापडत नाहीत. त्यासाठी ती प्रतिकृती कशाची होती आणि ती कशी घडली, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

यानाचे नाव एंटरप्रायझ. 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ साली थांबली. माझ्या पिढीने ती १९८० च्या दशकात दूरदर्शनवर पाहिली, तीही बहुधा शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचावर. यान कोणत्या रंगाचे, हा वाद आमच्यापुरता उद्भवलाच नव्हता. आमच्यासाठी सगळे विश्वच करड्या रंगाचे होते.

एंटरप्रायझचा आकार ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. पुढे एक प्रचंड चपटी बशी, तिला मानेसारख्या भागाने जोडलेले गोलसर धड, आणि धडापासून वर तिरप्या आधारांवर तोललेली इंजिनांची दोन लांब नळकांडी. हा आकार मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाने निश्चित केला. जेफरीज विमानांचा जाणकार होता आणि त्याने प्रत्येक भागामागे कारण ठेवले. इतक्या शक्तीची इंजिने माणसांच्या निकट असणे धोक्याचे, म्हणून ती दूर आधारांवर गेली. यानाची दुरुस्ती माणसांना बाहेर न जाता आतूनच करता यावी, म्हणून बाहेरचे कवच गुळगुळीत राहिले. हे दुसरे कारण वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

चित्रीकरणासाठी प्रथम सुमारे ३३ इंच लांबीची लाकडी प्रतिकृती झाली. ती रिचर्ड डॅटिन या कारागिराने घडवली. त्यानंतर १९६४ च्या अखेरीस त्याच्याच देखरेखीखाली कॅलिफोर्नियातील बरबँक येथील एका कार्यशाळेत ११ फुटांहून किंचित मोठी प्रतिकृती तयार झाली. लाकूड, साच्यावर ओढलेले प्लास्टिक आणि वळवलेला पत्रा, एवढीच तिची सामग्री. पडद्यावर ४३० माणसांना घेऊन ताऱ्यांमधून जाणारे जहाज प्रत्यक्षात सुताराच्या बाकावर जन्मले. मालिकेतील कप्तानाचे नाव जगभर कोट्यवधींना पाठ आहे; डॅटिनचे नाव त्यांतील किती थोड्यांना ठाऊक असेल! इतिहासाच्या विद्यार्थ्याला या गोष्टीचे आश्चर्य वाटत नाही. लेणी कोणत्या राजवटीत कोरली गेली ते आपण परीक्षेत लिहितो. छिन्नी कोणाची होती ते लिहीत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आला तो दुकानात मिळणारा प्लास्टिकचा संच होता. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सुटीत येताना तो आणला. प्रमाण १:३५०. कथेतील यानाची लांबी ९४७ फूट मानली जाते. त्या हिशेबाने बांधलेली प्रतिकृती सुमारे ८२ सेंटिमीटर भरते. हा हिशेब मुलांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर केला, आणि याच प्रमाणात माणूस केवढा होईल असे एका मुलीने विचारले. साडेपाच फुटांचा माणूस पाच मिलिमीटरांहूनही कमी! मग खिडक्यांची छिद्रे केवढी असावीत याबद्दल कोणाला सांगावे लागले नाही.

संच म्हणजे तयार यान अशी अनेकांची समजूत असते. पेटीत असतात ते चौकटींना चिकटलेले सुटे भाग. ते कापून घ्यायचे, कापल्याची खूण कानशीने घालवायची, चिकटविण्यापूर्वी कोरडेच जोडून पाहायचे. या कामातील चिकट द्रव डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे चुकीची जोडणी सोडवता येत नाही. बशीचे वरचे आणि खालचे अंग जोडल्यावर कडेने सांधा राहतो. त्यात पुट्टी भरायची, वाळू द्यायची, मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचे: आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १२००. हात फिरवला तर सांधा लागत नाही, असे वाटते. त्यावर करड्या अस्तर-रंगाचा एक पातळ हात दिला की सांधा पुन्हा दिसतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणे. मुलांनी हे चक्र बशीसाठी चार वेळा केले. अस्तराचा रंग कोणाचे ऐकून घेत नाही, असे त्यांच्यातील एकाने वहीत लिहिले आहे.

दिव्यांचे काम सर्वांत रंजक झाले. खिडक्या आतून उजळायच्या तर प्लास्टिक स्वतः उजळता कामा नये. अन्यथा संपूर्ण यान कंदिलासारखे दिसते. म्हणून जोडणीपूर्वीच आतून काळा रंग, आणि त्यावर प्रकाश परतावा म्हणून पांढरा. नंतर एलईडी, त्यांचे रोधक, आणि वायर आधारदांड्यातून खाली पेटीत. इंजिनांच्या तोंडाशी असलेल्या घुमटांत प्रकाश फिरत असल्याचा भास मूळ प्रतिकृतीत होता. तो साधण्यासाठी स्टुडिओत छोट्या मोटारींवर फिरणारी पाती आणि त्यांच्यामागे नाताळच्या माळांतील बल्ब बसवले होते. हे कळल्यावर मुलांचा संकोच गेला. दिवाळीच्या माळेतील लुकलुकणारे मंडल उघडून त्यांनी तोच परिणाम साधला, आणि भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकारी बाईंनी त्या निमित्ताने समांतर जोडणीचा पाठ उरकून घेतला.

येथवर सगळे कौशल्याचे काम होते. यानंतर जो वाद झाला त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

प्रतिकृतीच्या कवचावर किती तपशील दाखवावा? १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातील आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील यानांवर रणगाडे, विमाने, शर्यतीच्या मोटारी यांच्या खेळण्यांच्या संचांतून काढलेले शेकडो बारीक तुकडे चिकटवलेले आहेत. त्याने यान अजस्र भासते. तेव्हापासून असा समज रूढ झाला की जितके खाचखळगे आणि जोडरेषा अधिक, तितकी प्रतिकृती खरी. आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलेले. त्यांनी एंटरप्रायझवरही पत्र्यांच्या जोडरेषा कोरण्याचा, धूर आणि गंज दाखविण्याचा आग्रह धरला. दिसायला ते निःसंशय आकर्षक झाले असते. पण जेफरीजने कवच गुळगुळीत ठेवले त्याला कारण होते. तो निर्णय पुसून आपल्या आवडीचे यान त्याच्या नावावर खपवायचे का?

अशाच प्रकारचा वाद एका मोठ्या संग्रहालयालाही सोडवावा लागला आहे. अकरा फुटी मूळ प्रतिकृती १९७४ साली वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे आली. येताना तिचे काही भाग हरवलेले होते: धडाच्या पुढची तबकडी नव्हती, इंजिनांचे घुमट नव्हते. पुढील वर्षांत तिची वेळोवेळी डागडुजी झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या दुरुस्तीत बशीचा वरचा भाग तेवढा वगळून इतरत्र ठळक जोडरेषा आणि गडद छटा रंगवल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. त्या काळच्या प्रेक्षकाला यान असेच अपेक्षित होते. जाणकारांना मात्र ते खटकत राहिले. अखेर २०१४ मध्ये ती प्रतिकृती प्रदर्शनातून काढून संवर्धनशाळेत नेण्यात आली. तिची क्ष-किरणांनी तपासणी झाली, अतिनील प्रकाशात रंगांचे थर पाहिले गेले. १९७६ पूर्वी कोणी तिची छायाचित्रे काढली असल्यास ती द्यावीत, असे आवाहन संग्रहालयाने सामान्य नागरिकांना केले, आणि लोकांनी घरातील जुन्या पेट्या उघडल्या. मग ठरले: प्रतिकृती ऑगस्ट १९६७ मध्ये जशी होती तशी करायची, कारण त्या सुमारास स्टुडिओने तिच्यात शेवटचे फेरफार केले होते. नंतरचे रंग काढले गेले. बशीच्या वरच्या भागावरचा १९६० च्या दशकातला मूळ रंग मात्र तसाच राहू दिला. त्यावरील पेन्सिलीने आखलेल्या फिकट रेषांसह. जुलै २०१६ पासून ती राष्ट्रीय वायू व अंतराळ संग्रहालयाच्या मुख्य दालनात मांडण्यात आली.

मराठी वाचकाला येथे अजिंठा आठवावा. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राज्याने इटलीहून तज्ज्ञ बोलावून भित्तिचित्रांचे संरक्षण केले. चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी जो लेप दिला तो कालांतराने पिवळा-काळपट पडला, आणि पुढच्या पिढ्यांतील संवर्धकांना तोच लेप जपून उतरवत बसावे लागले. त्या तज्ज्ञांनी निखळणारे तुकडे भिंतीला धरून ठेवले, हे ऋण मोठे आहे. पण जे होते त्यावर स्वतःचे काही चढविण्याचा मोह रंगाच्या डबीपासून इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापर्यंत सर्वत्र सारखाच असतो, आणि त्याची किंमत नंतरच्यांना मोजावी लागते. आपल्या समाजाच्या इतिहासावर असे किती थर चढले आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी नव्याने सांगण्याची गरज नाही.

रंगाच्या प्रश्नावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. पडद्यावर एंटरप्रायझ कधी पांढरे, कधी निळसर दिसते. त्याचे एक कारण असे की चित्रण निळ्या पडद्यापुढे होई आणि त्याची झाक यानावर पडे. संग्रहालयातील मूळ रंग मात्र किंचित हिरवट झाक असलेला फिकट करडा आहे. मग आपण काय रंगवायचे? डोळ्यांनी पाहिलेले की हाताने फासलेले? मुलांनी दुसरा पर्याय निवडला. करड्यात हिरव्याचे थेंब टाकून त्यांनी पुठ्ठ्यांवर नऊ पट्ट्या रंगवल्या, त्या खिडकीपाशी आणि ट्यूबलाइटखाली पाहिल्या. प्लास्टिकच्या कवचावर गंज असू शकत नाही, हे याच सुमारास कोणीतरी बोलून दाखवले आणि तो आग्रह आपोआप मागे पडला. जोडरेषांऐवजी बशीच्या वरच्या अंगावर अगदी हलक्या हाताने पेन्सिल फिरवली गेली. चकचकीत थर, त्यावर पाण्यात भिजवून सरकवलेली अंकांची आणि पट्ट्यांची चिकटचित्रे, आणि शेवटी चकाकी मारणारा पारदर्शक थर, असे रंगकाम पुरे झाले. पृष्ठभाग खरखरीत असेल तर चिकटचित्राखाली हवा अडकते आणि ते रुपेरी दिसते. म्हणून आधी चकचकीत थर लागतो. हे आम्हां शिक्षकांना मुलांनीच सांगितले.

आणि मग डावी बाजू.

मूळ अकरा फुटी प्रतिकृतीला डावी बाजू जवळपास नाहीच. कॅमेरा उजवीकडून फिरणार हे ठरलेले असल्याने खिडक्या, खुणा, तपशील उजव्या अंगालाच पूर्ण केले गेले. दिव्यांच्या वायरी डाव्या अंगातून बाहेर काढल्या होत्या. यान उलट दिशेने जाताना दाखवायचे तर उजव्या बाजूचेच चित्रण उलटवून वापरता येई. २०१६ च्या संवर्धनातही ती बाजू अपुरीच ठेवली गेली, कारण ती तशीच होती.

एका मुलीने विचारले, "सर, आपण मूळ रंग घेतला, मूळ रेषा घेतल्या. मग डावी बाजू आपण का पूर्ण करायची?" दुसऱ्या बाजूने एक मुलगा तावातावाने उभा राहिला. आपण स्टुडिओतली वस्तू करतो आहोत की कथेतले जहाज, हे आधी ठरवा, असे त्याचे म्हणणे. कथेतल्या जहाजात ४३० माणसे राहतात आणि त्यांतली निम्मी डावीकडे झोपत असणार. त्यांना खिडक्या नकोत? इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात मी जे वाद ऐकले आहेत त्यांतील पुष्कळांपेक्षा हा वाद अधिक नेटका होता. पुराव्यात जे दिसत नाही ते नव्हतेच असे मानायचे का? ज्यांच्याकडे कॅमेरा कधी वळलाच नाही त्यांना बाजूच नव्हती असे म्हणायचे का? आणि उलट अंगाने, पुरावा नसताना मनाने भरून टाकायचे, तर मग पुराणकथा आणि इतिहास यांत फरक काय उरला?

मी निर्णय दिला नाही. पण एक अट घातली. जे कराल ते कशाच्या आधारावर केले ते लिहून लावा. त्यातून प्रतिकृतीशेजारचा तक्ता तयार झाला. त्यात तीन रकाने होते: 'पुरावा', 'अनुमान', 'आमची पसंती'. बशीच्या रेषा पहिल्या रकान्यात. डाव्या बाजूच्या खिडक्या दुसऱ्यात, उजवीच्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे घेतल्याची नोंद करून. खिडक्यांपैकी कोणत्या उजळलेल्या ठेवायच्या, हे तिसऱ्यात. प्रदर्शनात पुष्कळांनी तो तक्ता वाचला नाही. मला विचाराल तर प्रतिकृतीपेक्षा तो तक्ता अधिक मोलाचा होता.

आता त्या पालकांच्या आक्षेपाकडे वळतो. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. आपल्या पूर्वजांच्या हातांना काम होते यात अपमान नव्हता. अपमान होता तो यात, की काम जन्माने ठरले, आणि ते करणाऱ्याला 'असे का?' हा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. हात एकाकडे ठेवले, प्रश्न दुसऱ्याकडे दिला. ज्या बाकावर एक तेरा वर्षांची मुलगी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून शिक्षकाला डाव्या बाजूबद्दल जाब विचारते, त्या बाकावर ती वाटणी उरलेली नाही. हे काम तिने निवडले आहे. उद्या ती ते सोडूही शकते. त्या पालकांचा मुलगा या अकरांपैकीच एक होता. दिव्यांचे मंडल त्याने जुळवले. वडील बोलत होते तेव्हा तो शेजारी उभा राहून ऐकत होता, आणि मध्येच म्हणाला, "बाबा, हे दोर वळण्यासारखं नाही. इथं चुकलं तर का चुकलं ते मलाच शोधायचं असतं." वडिलांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. दोर वळणाऱ्यालाही दोर का तुटला ते शोधावे लागतेच, असे ते उत्तरले, आणि ते खरेही होते.

माझा आणखी एक मुद्दा आहे. प्रतिकृतीसाठी किल्ला घेता आला असता, रेल्वेचे इंजिन घेता आले असते. मी या यानाला अनुमोदन दिले त्याचे कारण त्याच्या चालकदालनात बसलेल्या एका स्त्रीत आहे. संदेशवहन अधिकारी उहुरा ही भूमिका निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. पहिल्या हंगामानंतर ती मालिका सोडण्याच्या विचारात होती. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग तिला एका समारंभात भेटले, आपण तिचे चाहते असल्याचे त्यांनी सांगितले आणि तिने ती जागा सोडू नये असे तिला बजावले, ही हकिकत तिने पुढे अनेकदा सांगितली. ज्या देशात काळ्या माणसाला पडद्यावर बहुधा नोकराचीच जागा मिळे, तेथे ती भविष्यकाळातील अधिकारी होती. १९७७ पासून निकोल्सने नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय तरुणांपुढे जाऊन अंतराळवीर होण्याचे आवाहन केले. मे जेमिसन ही सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. उहुरापासून आपल्याला प्रेरणा मिळाली असे तीही सांगत आली आहे. (नासाच्या पहिल्या परीक्षण-शटलचे नाव आधी 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणजे 'संविधान' असे ठरले होते; मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून १९७६ मध्ये ते 'एंटरप्रायझ' करवून घेतले. या एका बाबतीत मी चाहत्यांच्या विरुद्ध मत दिले असते.) भविष्यकाळात आपल्यालाही जागा आहे, हे मुलाला भाषणातून सांगता येते, पण त्या भविष्यकाळाच्या खिडक्या स्वतःच्या हातांनी कोरणाऱ्या मुलाला ते निराळ्या तऱ्हेने कळते.

पालकांना एक स्पष्ट सांगणे आहे, थोडे कडू वाटले तरी. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात बाजारातील दुकानांतून थर्माकोलचे ज्वालामुखी, सौरमाला आणि पवनचक्क्या तयार विकत मिळतात, आणि आपल्याकडेही त्या येतात. त्यांवर मुलाचे नाव असते. परीक्षक गुण देतात, मूल ओशाळते, आणि प्रश्न विचारला की वडिलांकडे पाहते. पाचशे रुपयांत आपण त्याला शिकवतो की दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर मांडता येतात. हे शिकवण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. वाकडी-तिकडी पवनचक्की चालेल. ती त्याची असू द्या.

विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे मी प्रतिकृती-कक्षाचा प्रस्ताव ठेवला आहे. जुन्या कोठीघराच्या शेजारची खोली रिकामी आहे; तिला दोन खिडक्या आहेत, आणि रंगकामाला वारा लागतो. रंग फवारताना तोंडाला मुखपट्टी आणि कापणीच्या चाकूजवळ एक मोठा माणूस, या दोन बाबींवर तडजोड नको. परदेशी संच महाग असतात, त्यामुळे दरवर्षी एकच घ्यावा. बाकीचे काम पुठ्ठा, प्लास्टिकच्या नळ्या आणि टाकाऊ डब्यांतून व्हावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वेल्डिंग, सुतारकाम, मोटारीचे रंगकाम किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसायात आहेत त्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा. गाडीचा दरवाजा रंगवणाऱ्या माणसाला अस्तर-रंगाविषयी जे ठाऊक असते ते मला कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही. शिकवायला येताना त्याने 'मी फक्त पेंटर आहे' असे म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.

पुढच्या सत्रासाठी मुलांनी विषय निवडून ठेवला आहे. १९६७ च्या एका भागात एंटरप्रायझच्याच जातीचे, युद्धात मोडलेले 'कॉन्स्टेलेशन' नावाचे यान दाखवायचे होते. त्यासाठी स्टुडिओने दुकानात मिळणारा एंटरप्रायझचा संच घेतला आणि त्यातील १७०१ या क्रमांकाच्या चिकटचित्रांचे अंक उलटसुलट लावून यानाचा क्रमांक १०१७ केला. मुलांना ही युक्ती फार आवडली आहे. मात्र पुरे बांधलेले यान पुन्हा मोडायचे तर ते कोठे आणि कसे मोडलेले होते याचा पुरावा पाहावा लागेल, म्हणून त्या भागातील चित्रे गोळा करण्याचे काम दिवाळीच्या सुटीत दोघांकडे सोपवले आहे. तक्त्याचे तीन रकाने त्यांनी आताच आखून ठेवले आहेत.